कॉम्प्युटर, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल की सिव्हिल? कोल्हापुरातून निवडताना

कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या शाखेची चर्चा कॉम्प्युटरपासून सुरू होते आणि पर्सेंटाइल कमी पडेल तशी मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, सिव्हिलकडे सरकते. हा क्रम कटऑफचा आहे, करिअरचा नाही. पॅकेजच्या आधी दोन गोष्टी बघाव्यात असं मला मनापासून वाटतं: काम कुठल्या गावात मिळणार, आणि पुढं वाट बदलावी लागली तर कोणती दारं उघडी राहणार.

कॉम्प्युटर घेणाऱ्यानं घर सोडायची तयारी ठेवावी. शहरात आयटी कंपन्या आहेत, पण मोठी भरती पुण्या-बेंगळुरूलाच होते. मोठ्या आयटी सेवा कंपन्या नवख्या इंजिनिअरला वर्षाला साधारण साडेतीन लाखांच्या आसपास देतात, आणि हा आकडा कित्येक वर्षं फारसा हललेला नाही. पुण्यातलं भाडं, मेस आणि प्रवास वजा केला की हातात किती उरतं, हे पालकांनी कागदावर मांडून बघावं. शिवाय २०२४-२५ पासून एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या केंद्रीय परिषदेनं, चांगल्या कॉलेजांसाठी शाखेच्या जागांवरची कमाल मर्यादा उठवली. त्याचा सगळ्यात जास्त फायदा कॉम्प्युटरच्याच जागांना झाला, म्हणजे चार वर्षांनी त्याच नोकऱ्यांसाठी रांग लांब होणार. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. ज्याला कोडिंग खरंच येतं, त्याचा पगार नोकरी बदलून जितक्या वेगानं वाढतो तितका दुसऱ्या शाखेत सहसा वाढत नाही. कुणी न सांगता तासन् तास प्रोग्रॅम लिहीत बसणाऱ्या मुला-मुलीला मी दुसरं काही सुचवणार नाही.

मेकॅनिकलचं उलट आहे. काम दारात आहे: शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी. सुरुवातीचा पगार कमी, शिफ्ट आणि फाउंड्रीतली, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यातली धग, हे सगळं खरं आहे. म्हणून मुलं वर्षभरात कंटाळून सोडतात, आणि तिथंच नुकसान करून घेतात. कास्टिंगमध्ये, म्हणजे अशा ओतीव भागात, ब्लो होल (वायूमुळं पडलेलं छिद्र) आला तर तो साच्याच्या वाळूतल्या ओलाव्यामुळं, कोअरमधल्या (भाग आतून पोकळ ठेवणाऱ्या साच्यामधल्या) गॅसमुळं की गेटिंग (धातू साच्यात नेणारी वाट) चुकल्यामुळं, हे ओळखून रिजेक्शन खाली आणणारा माणूस मालक सहजासहजी सोडत नाही. ही नजर काही वर्षं शॉप फ्लोअरवर काढल्याशिवाय येत नाही. तिच्या जोडीला कास्टिंग सिम्युलेशन (ओतकाम आधी कॉम्प्युटरवर तपासणं) किंवा सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं) प्रोग्रॅमिंग शिकलं की किंमत आणखी वाढते. इलेक्ट्रिक गाड्यांमुळं काम जाईल ही भीती निम्मी खरी आहे. त्या गाडीला इंजिनचा सिलिंडर ब्लॉक आणि हेड लागत नाही, पण पंप, व्हॉल्व्ह आणि ट्रॅक्टरच्या ट्रान्समिशनची कास्टिंग लागतच राहणार. त्यामुळं इंटर्नशिपला जाल तिथं आधी विचारा, माल कुणासाठी बनतो?

इलेक्ट्रिकलकडं इथं सगळ्यात कमी लक्ष जातं आणि मला तीच सगळ्यात भक्कम वाटते. फाउंड्रीची इंडक्शन फर्नेस (धातू वितळवणारी विजेची भट्टी), साखर कारखान्यातली सहवीजनिर्मिती, शेडवरचं सोलर, महावितरण-महापारेषणची भरती, शिवाय गाड्यांच्या मोटर आणि चार्जर. गाडी डिझेलवरून बॅटरीवर गेली तर मेकॅनिकलवाल्याचं काही काम जातं, इलेक्ट्रिकलवाल्याचं वाढतं. यूपीएससीच्या इंजिनिअरिंग सर्व्हिसेसमध्ये सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन अशा चारच शाखा आहेत. कॉम्प्युटरसाठी वेगळी शाखा नाही. उलट आयटी सेवा कंपन्यांच्या भरतीत इलेक्ट्रिकल, मेकॅनिकलची मुलंही बसतात. अशा कोअर, म्हणजे मूळ शाखेतून सॉफ्टवेअरकडं जाता येतं, परतीची वाट मात्र फार अरुंद आहे.

सिव्हिल घ्यायची ती सरकारी सेवेचं ठरवून, किंवा घरात बांधकामाचा व्यवसाय असेल तर. खासगी साइटवर सुरुवातीला पगार तुटपुंजा आणि कामाचे तास लांब. पण जलसंपदा, सार्वजनिक बांधकाम खात्यात जायची जिद्द असेल तर याहून सरळ रस्ता नाही. ज्या बंधाऱ्याला देशभर कोल्हापूर पद्धतीचा म्हणून ओळखतात त्याच्या गावात, २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलेल्या पोरांना या कामाचं मोल सांगावं लागू नये.

कॉलेज की शाखा, यात माझं मत कॉलेजकडं झुकतं. नाव नसलेल्या, लॅब धूळ खात पडलेल्या कॉलेजातल्या कॉम्प्युटरपेक्षा सांगलीच्या वालचंद किंवा गोकुळ शिरगावच्या केआयटी कॉलेजातली इलेक्ट्रिकल कधीही घ्यावी. कोडिंगची हौस असेल तर जिथं सोय आहे तिथं कॉम्प्युटरची मायनर डिग्री (मुख्य शाखेसोबतची जोडपदवी), १८ ते २० जादा क्रेडिट घेऊन, करता येते. मुलींच्या बाबतीत फी हे कारण पुढं येऊ देऊ नका. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना राज्य सरकारनं २०२४-२५ पासून शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. ती कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, मिळालेल्या प्रवेशाला लागू होते.

आणि कॅपचा पसंतीक्रम भरताना एक लक्षात ठेवा. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली की ती पक्की धरली जाते, चांगल्या जागेसाठी पुढच्या फेरीत जाता येत नाही. म्हणून शेजाऱ्याच्या पोरानं काय घेतलं ते पहिल्या ओळीत टाकू नका. कागल किंवा शिरोलीतल्या एका शेडमध्ये आणि एका आयटी ऑफिसात एकेक दिवस काढून या, मग फॉर्म भरा.