एजंटच्या ईमेलवर गेलेला व्हिसा

कोंढव्यातला माझा वन बीएचके मी परदेशी विद्यार्थ्यांना भाड्याने देते. २०२४च्या मे महिन्यात हॉस्टेल सोडून एक सुदानी मुलगा राहायला आला. मूळचा ओमदुरमानचा, बीसीएच्या शेवटच्या वर्षाचे दोन विषय राहिलेले. मला आंटी म्हणायचा आणि चहात चार चमचे साखर घालायचा.

१५ एप्रिल २०२३ला सुदानच्या राजधानीत, खार्तूममध्ये लष्कर आणि आरएसएफ ही निमलष्करी फौज यांची लढाई पेटली, तेव्हापासून त्याच्या घरचे वणवण फिरत होते. इजिप्तला जायला निघाले, तर जूनमध्ये इजिप्तने सरसकट सगळ्या सुदान्यांना व्हिसा सक्तीचा केला. आधी बायका, मुलं, वयस्कर पुरुष यांना तो लागत नसे. कागदाच्या एका तुकड्यापायी आजी सीमेवरच्या वादी हल्फात कशी अडकली, हे या पोराने फोनवर रोज ऐकलं होतं. त्यामुळे इथला स्टुडंट व्हिसा जुलैत संपणार म्हटल्यावर त्याची झोप उडाली.

कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात त्याला एक एजंट भेटला. मलाही त्याने फोन केला. "मॅडम, युद्ध चालू आहे. सुदानचे अर्ज सरळ मार्गाने होत नाहीत. आपली आत ओळख आहे." लढाई सुरू झाल्यावर काही महिने सुदानचे पासपोर्ट छापणं खरंच बंद होतं. ते कानावर असल्यामुळे हेही पटलं. मागितले ३८ हजार. जेद्दाच्या काकांनी ते पाठवले. वर माझ्याकडून तीन हजार, 'घरमालकाच्या फॉर्म सी'चे. पोरगा घाबरलेला होता. मला नुसता आळस होता, हे कबूल करते.

फॉर्म सी फुकट होता. परदेशी माणूस घरात राहायला आला की चोवीस तासांत घरमालकाने तो ऑनलाइन भरायचा. आणि मुदतवाढीचे अर्ज २०१८पासून ई-एफआरआरओ या सरकारी संकेतस्थळावर होतात. स्वतःचं खातं उघडायचं, पासपोर्ट, व्हिसा, फोटो, कॉलेजचं बोनाफाईड, राहण्याचा पुरावा अपलोड करायचा, फी तिथेच भरायची. बोलावलं तरच कचेरीत जायचं. परवानगी ईमेलवर येते आणि काही कमी असेल तर विचारणाही ईमेलवरच येते. गोम इथे आहे. एजंटने खातं स्वतःच्या ईमेलवर उघडलं होतं. "ओटीपी सारखे लागतात, तुम्हाला कशाला त्रास," असं वर सांगितलंही होतं. किती काळजी!

तीन आठवड्यांनी व्हॉट्सॲपवर परवान्याची पीडीएफ आली. मी शिरा केला.

सप्टेंबरमध्ये परीक्षेचा फॉर्म भरताना कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी विभागातल्या बाईंनी तो अर्ज क्रमांक संकेतस्थळावर टाकून पाहिला. अर्ज बंद. राहण्याचा पुरावा अपुरा म्हणून विचारणा झाली होती, उत्तर कोणी दिलंच नव्हतं. फॉर्म सी भरलेलाच नव्हता. पीडीएफ कुणाच्या तरी जुन्या परवान्यावर नाव आणि तारखा बदलून केलेली. नीट पाहिलं तर तारखेचा टाइप बाकीच्यापेक्षा जाड होता. मी तीस वर्षं बँकेत सह्या तपासल्या आहेत.

दोन महिने मुलगा व्हिसाशिवाय राहत होता आणि त्याला पत्ताही नव्हता. त्याच रात्री त्याच्या स्वतःच्या ईमेलवर नवीन खातं उघडलं. मी फॉर्म सी भरला, अर्धा तास लागला, तोही चष्मा सापडत नव्हता म्हणून. सोबत झाल्या प्रकाराचं पत्र जोडलं. पोलीस आयुक्तालयात बोलावणं आलं, तेव्हा मी बरोबर गेले. टेबलापलीकडच्या बाईंनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "सुदानचे अर्ज बंद आहेत, हे तुम्हाला सांगितलं कोणी?" आम्ही दोघंही खाली बघत बसलो. दंड भरावा लागला, आणखी पाच आठवडे जीव टांगणीला लागला, पण मुदतवाढ मिळाली.

एजंटची तक्रार पोलीस चौकीत दिली आहे. पैसे त्याने रोख घेतले होते, पावती नाही. हातात आहे ती फक्त ती पीडीएफ आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं. त्याचा नंबर बंद आहे. झेरॉक्सवाला म्हणतो, माणूस अधूनमधून येतो, हल्ली येमेनच्या मुलांची कामं करतो.