केलॉइड की नुसता जाड व्रण?

दोन्ही लालसर, टणक, खाजरे. दोन्हींत कोलॅजन (त्वचेला बळकटी देणारं प्रथिन) गरजेपेक्षा जास्त साचतं. पण जाड व्रण (हायपरट्रॉफिक स्कार) जखमेची हद्द सोडत नाही. भाजल्यावर किंवा सांध्यावरच्या टाक्यांवर येतो आणि वर्ष-दीड वर्षात बराचसा बसतो. त्याची फार चिंता नको.

केलॉइड मात्र हद्द ओलांडून शेजारच्या चांगल्या कातडीत शिरतं आणि सहसा आपणहून जात नाही. हार्मोन्सचा हात असल्याचा संशयही इथेच जास्त. लहानपणी ते क्वचित दिसतं, वयात आल्यावर वाढतं, गरोदरपणात काहींचं फुगतं, पाळी गेल्यावर कधी मंदावतं. इस्ट्रोजेन रक्तवाहिन्या रुंदावतं, हे त्यामागचं एक कारण मानतात. तरी सगळा दोष हार्मोन्सवर टाकू नये. अनुवंश आणि त्वचेवरचा ताणही असतोच. तान्हेपणी कान टोचायची आपली रीत या बाबतीत चांगली म्हणायची, कारण अकरा वर्षांनंतर टोचलेल्या कानांत केलॉइडचा धोका जास्त आढळला आहे.

उपचारात खरी गफलत होते ती कापण्यात. केलॉइड नुसतं कापलं तर बहुतेकदा परत येतं, कधी आधीपेक्षा मोठं. म्हणून ट्रायामसिनोलोन या स्टिरॉइडची इंजेक्शनं, सिलिकॉन पट्टी, दाब देणारी क्लिप.