शुल्ट्झ की स्मिथ?

२०२४ मध्ये १२१ सामने हरलेल्या शिकागो व्हाइट सॉक्स या अमेरिकी बेसबॉल संघाने नोआ शुल्ट्झ आणि हेगन स्मिथ यांपैकी कोणत्या तरुण पिचरला (चेंडू फेकणाऱ्याला) आधी मुख्य संघात वर आणावं, असं भाच्याने विचारलं. दोघंही डावखुरे.

खर्च? करारावर स्मिथला ८० लाख डॉलर, शुल्ट्झला २८ लाख. गेलेला पैसा, सोडा.

भरवसा: आर्कान्सॉ विद्यापीठाकडून स्मिथचे ८४ इनिंगमध्ये (डावांत) १६१ स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज! पण शाळेतच कोपराची शस्त्रक्रिया झालेली. शुल्ट्झ सहा फूट नऊ इंच. लांब हातापायांचा ताल रोज जुळत नाही. जुळला की त्याची स्लायडर, म्हणजे आडवी वळणारी फेक, डावखुऱ्या फलंदाजाला पाठीमागून आल्यासारखी वाटते.

यादी: शुल्ट्झला दुसऱ्या संघाने उचलू नये म्हणून २०२६ अखेरपर्यंत क्लबच्या चाळीस जणांच्या मुख्य यादीत घ्यावंच लागतं, स्मिथसाठी वर्षभर जास्त मुदत.

जागा रिकामी असेल तर शुल्ट्झ, शिवाय तो शिकागोच्याच इलिनॉय राज्यातला. घाई नसेल तर स्मिथला मुरू द्यावं.