सर्च कन्सोल: पंधरा महिने वापरल्यानंतर

सांगलीत मी छोटी दुकानं, क्लासेस आणि दोन-तीन दवाखान्यांच्या वेबसाइट सांभाळते. शिवाय परसबागेवरचा माझा स्वतःचा मराठी ब्लॉग आहे, सव्वाशेच्या आसपास लेख असलेला. गूगलचं सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणारं साधन, फुकट मिळतं आणि २०१५ पर्यंत ते वेबमास्टर टूल्स या नावाने ओळखलं जायचं, हे मला माहीत होतं. ग्राहकांच्या साइटना ते जोडूनही द्यायचे, पण पुढे उघडून बघत नसे. गेल्या वर्षी मे महिन्यात ठरवलं की दर सोमवारी सकाळी अर्धा तास त्यातच घालवायचा, आणि आधी स्वतःच्या ब्लॉगसाठी. त्याचा हा अनुभव, मुख्यतः मराठीत साइट चालवणाऱ्यांसाठी.

जोडणी सोपी आहे. डोमेन विकत घेतलं तिथल्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या तांत्रिक नोंदींत) मालकी सिद्ध करणारी एक टीएक्सटी नोंद टाकली की डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेले, नसलेले, सगळे पत्ते एकाच ठिकाणी दिसतात. साइट आज जोडून ठेवा, काम सहा महिन्यांनी करायचं असलं तरी. आकडे जोडल्यापासून जमायला लागतात आणि फक्त १६ महिन्यांपर्यंतचे ठेवले जातात. मागचं काही मागून मिळत नाही.

पहिला फायदा ग्राहकाच्या साइटवर झाला. आधी कुणीतरी बनवलेली साइट, वर्षभरात शोधात एकदाही दिसलेली नाही, आणि ग्राहकाला सांगितलेलं की जाहिरातीवर पैसे घाला. यूआरएल तपासणीच्या पट्टीत मुख्य पानाचा पत्ता टाकला आणि मिनिटभरात उत्तर आलं: पानावर नोइंडेक्स (‘हे पान शोधात दाखवू नका’ अशी खूण) लावलेलं आहे. साइट तयार होत असताना वर्डप्रेस या साइट बनवायच्या प्रणालीतली ‘शोधयंत्रांना दूर ठेवा’ अशा अर्थाची चौकट टिचकवलेली होती आणि ती तशीच राहून गेली होती. एका टिचकीपायी त्या माणसाचं एक वर्ष गेलं. तेव्हापासून कुठलीही साइट हातात आली की मी पहिल्यांदा हेच तपासते, कीवर्ड वगैरे नंतर.

पण ज्यासाठी मी हे साधन कधीच सोडणार नाही, ती गोष्ट वेगळी आहे. लोक नेमके कोणते शब्द टाइप करून आपल्यापर्यंत येतात, ते इथे दिसतं. माझा ‘कढीलिंबाची निगा’ नावाचा लेख होता. मनापासून लिहिलेला, फोटोंसह. तो दिसत होता चौथ्या पानावर. क्वेरींची, म्हणजे लोकांनी शोधलेल्या शब्दांची, यादी उघडली तर कढीलिंब शब्द जवळजवळ नव्हताच. होतं ते ‘कढीपत्ता वाढत नाही’, ‘कढीपत्त्याला ताक कधी घालावे’, ‘कडीपत्ता पाने काळी पडणे’, आणि हेच सगळं रोमन लिपीत. आमच्या घरात आजीपासून कढीलिंबच म्हणतात. बाजारात आणि मोबाइलवर मात्र कढीपत्ता. मी शीर्षक बदलून ‘कढीपत्ता वाढत नाही? कुंडी, ताक आणि छाटणी’ असं केलं, पहिल्या परिच्छेदात दोन्ही नावं घातली आणि काळ्या पानांवर एक नवा भाग लिहिला, कारण तो प्रश्न लोक विचारत होते आणि लेखात त्याचं उत्तरच नव्हतं. अडीच महिन्यांनी तो पहिल्या पानावर आला. मला वाटतं, शीर्षकापेक्षा त्या नव्या भागाचा वाटा मोठा होता.

मराठीची अडचण अशी की एकच शब्द विभक्तीप्रमाणे रूप बदलतो. ‘कढीपत्ता’ शोधलं की ‘कढीपत्त्याला’ सुटतं. म्हणून क्वेरींच्या गाळणीत (फिल्टरमध्ये) पूर्ण शब्द न घालता ‘कढीपत्त’ एवढंच घाला, दोन्ही सापडतात. २०२१ पासून तिथे रेजेक्सची (नमुना देऊन शोधण्याची) सोय आहे, म्हणजे मधे उभी रेघ देऊन कढीपत्त, कडीपत्त, कढीलिंब आणि रोमन रूपं एकदमच मागवता येतात. आणखी एक खोच आहे. ‘पांढऱ्या’मधला तो आडवा र युनिकोडमध्ये (संगणकाच्या अक्षरसंकेतात) दोन प्रकारे लिहिला जातो, कीबोर्डप्रमाणे. ‘ॲप’मधल्या ॲचंही तसंच. डोळ्यांना एकच दिसतं, संगणकाच्या लेखी त्या दोन वेगळ्या ओळी असतात. पांढऱ्या माशीवरच्या क्वेरी गाळताना मी दोन्ही रूपं घालते.

पानांच्या पत्त्यांबद्दलही बोलायला हवं, कारण ग्राहक हमखास विचारतात. देवनागरी पत्ता गूगलला चालतो, उलट वाचकाच्या भाषेतले शब्द पत्त्यात असावेत असंच त्यांचं मार्गदर्शन सांगतं. अडचण वर्डप्रेसची आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही, पत्त्यात टक्क्यांच्या खुणांसह नऊ अक्षरं होऊन बसतं आणि वर्डप्रेस पत्त्यातल्या शीर्षकाच्या भागाला २०० अक्षरांची मर्यादा घालतं. म्हणजे साधारण २२ चिन्हांनंतर शीर्षक मधेच तुटतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की पत्त्याची वीतभर लांब माळ दिसते ती वेगळीच. नवीन लेखांना मी दोन-तीन शब्दांचा छोटा रोमन पत्ता देते. जुने चालू पत्ते मात्र हलवत नाही. जिथे वाचक रोज येतात तो पत्ता दिसायला बरा नाही म्हणून बदलू नये.

इंडेक्स न झालेल्या, म्हणजे गूगलच्या शोधसूचीत न आलेल्या, पानांचा अहवाल पहिल्यांदा उघडला तेव्हा वाईट वाटलं. तीसेक लेख ‘क्रॉल झालं, पण सध्या इंडेक्स नाही’ या खान्यात. मी रोज एकेकाची इंडेक्सची विनंती पाठवत बसले. त्या विनंत्यांना रोजची मर्यादा आहे, आणि विनंती किंवा साइटमॅप (गूगलला दिलेली पानांची यादी) म्हणजे हमी नव्हे. मग शांतपणे ते लेख वाचून काढले. मिरचीच्या रोपावर चार लेख, प्रत्येकी अडीचशे शब्दांचे, एकमेकांची पुनरावृत्ती करणारे. गूगलने ते वाचून बाजूला ठेवले होते आणि मीही ठेवले असते. चारांचा एक नीट लेख केला, जुने तीन पत्ते ३०१ने (पत्ता कायमचा बदलल्याच्या खुणेने) त्याच्याकडे वळवले. तो महिन्याभरात इंडेक्समध्ये आला. तीसातले आठ मी अजून तसेच ठेवलेत, माझ्या आवडीचे आहेत म्हणून.

सरासरी पोझिशनवर (शोधातल्या सरासरी क्रमांकावर) विसंबू नका. माझे क्लिक वाढत असताना सरासरी घसरत होती, कारण लेख नवनव्या क्वेरींसाठी चाळिसाव्या-पन्नासाव्या जागी दिसायला लागले होते आणि ते आकडे सरासरीला खाली ओढत होते. ग्राहकाला नुसता तो आकडा पाठवला तर तो घाबरतो. तसंच क्वेरींच्या यादीतल्या क्लिकची बेरीज वरच्या एकूण क्लिकशी जुळत नाही. फार थोड्या लोकांनी केलेल्या क्वेरी गोपनीयतेसाठी यादीत येत नाहीत. हे आधीच समजावून सांगितलं तर पुढचे वाद टळतात.

वेगाचा अहवाल छोट्या साइटना बराच काळ रिकामाच दिसतो. तो खऱ्या वाचकांच्या २८ दिवसांच्या नोंदींवर चालतो आणि तेवढे वाचक असावे लागतात. माझ्या ब्लॉगचा भरला तेव्हा मोबाइलवर मुख्य भाग दिसायला २.५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागत होता. देवनागरी फॉन्टच्या फायली जोडाक्षरांमुळे जड असतात आणि मी चार जाडीच्या चार फायली लादल्या होत्या. दोन काढल्या, वरचा फोटो लहान केला, काम झालं.

मर्यादा सांगते. यादीत आणि एक्स्पोर्टमध्ये १,००० ओळीच मिळतात. एखादा शब्द एकूण किती लोक शोधतात ते इथे कळत नाही, त्याचा तुलनात्मक अंदाज घ्यायला मी गूगल ट्रेंड्स बघते. इतरांच्या साइटचं काहीच दिसत नाही. एआयने दिलेल्या उत्तरांतून आलेले क्लिक एकूण आकड्यात मिसळलेले असतात, मला ते वेगळे काढता आलेले नाहीत. आणि १६ महिन्यांनंतर जुनं पुसलं जातं, म्हणून मी दर महिन्याच्या १ तारखेला सगळं एका शीटमध्ये उतरवून घेते.

बागकामाला हा जुना हिशोब फार लागतो. गेल्या वर्षी पावसाळी भाज्यांच्या बियांवरचा लेख मी मृग लागल्यावर टाकला. आलेख बघितला तर लोक मेच्या मध्यापासूनच शोधत होते. यंदा तोच लेख अक्षय तृतीयेच्या आसपास ताजा करून ठेवला आणि मे महिन्याचे क्लिक गेल्या जूनपेक्षा जास्त झाले.

गेल्या सोमवारी यादीच्या तळाशी एक क्वेरी दिसली: ‘करटुलीला फुले येतात पण फळ धरत नाही’. चार इम्प्रेशन (म्हणजे शोधात चारदा दिसलं), शून्य क्लिक. गूगलने माझा कारल्याचा लेख दाखवला होता, ज्यात याचं उत्तर नाही. करटुलीचे नर आणि मादी वेल वेगळे असतात, नुसता एकच वेल लावून चालत नाही. दोन कंद मागवून गच्चीवर लावलेत. त्यांना फळ धरलं की फोटोंसह लेख लिहीन.