घड्याळ ठोके बघतं, गोळी गुठळी अडवते: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो. रक्त पातळ करणारी अपिक्साबानची गोळी: समाधानी आहे, चालूच राहणार. मनगटावरचं ईसीजी काढणारं घड्याळ: कामाचं आहे, पण लोक त्याच्याकडून जे मागतात ते देणं त्याच्या हातात नाही. दोन्ही एकाच सुमारास माझ्याकडे आले आणि तेव्हापासून रोज वापरात आहेत, म्हणून एकत्रच लिहितोय. शिवाय घड्याळाकडे बघून गोळीचा निर्णय घेणारे लोक बरेच भेटले, आणि तिथेच खरी गडबड आहे.

माझं दुखणं थोडक्यात असं. वय पासष्टीच्या पुढे, रक्तदाबाची गोळी जुनीच. जिना चढताना छातीत फडफड आणि दम लागायला लागला. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं, डॉक्टर लोक ज्याला 'ए-फिब' म्हणतात ते. यात हृदयाच्या वरच्या कप्प्यांत मिनिटाला ३५० ते ६०० विद्युत संदेश सैरावैरा फिरत असतात. कप्पा आवळतच नाही, नुसता थरथरतो. त्यातले काहीच संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतात, तेही कसेही, म्हणून नाडी बेताल लागते.

फडफडीचा त्रास होतो, पण खरी भीती गुठळीची. डाव्या वरच्या कप्प्याला एक पिशवी असते, लेफ्ट एट्रियल अपेंडेज, साधारण हातमोज्याच्या बोटासारखी. कप्पा नीट आवळला की ती रिकामी होते. थरथरत राहिला की रक्त तिथे रेंगाळतं. झडपांचा मोठा आजार नसलेल्या रुग्णांत डाव्या वरच्या कप्प्यात सापडणाऱ्या गुठळ्यांपैकी सुमारे ९० टक्के याच पिशवीत असतात. तिथून तुकडा सुटला की खालचा कप्पा, महाधमनी, मानेतली रोहिणी आणि मेंदू, असा सरळ रस्ता. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रॅमिंगहॅमच्या आकडेवारीत ए-फिब असलेल्यांना पक्षाघाताचा धोका जवळपास पाचपट दिसला. हृदयातून आलेल्या गुठळ्या मोठ्या असतात, त्यामुळे असे झटके सहसा जास्त नुकसान करून जातात.

डॉक्टरांनी पक्षाघाताच्या धोक्याचा चॅड्स-व्हॅस्क नावाचा स्कोअर काढला. हार्ट फेल्युअर, रक्तदाब, वय, मधुमेह, आधी झालेला पक्षाघात, रक्तवाहिन्यांचा आजार, स्त्री असणं, याला गुण. (शेवटचा गुण २०२४ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी काढून टाकला.) वयाचा एक, रक्तदाबाचा एक, माझे दोन झाले, आणि दोन म्हणजे गोळी. ही यादी पुन्हा एकदा वाचा. ठोका महिन्यातून किती वेळा बिघडतो, किती तास बिघडलेला राहतो, याला त्यात एकही गुण नाही.

माझा ठोका विजेचा झटका देऊन, म्हणजे कार्डिओव्हर्जन करून, ताळ्यावर आणला. त्याआधी किमान तीन आठवडे गोळी घ्यायला लावली आणि नंतरही निदान चार आठवडे सोडायची नाही, असं बजावलं. आधीचे आठवडे कशासाठी ते लगेच कळतं: पिशवीत गुठळी असेल आणि कप्पा अचानक जोरात आवळला, तर ती बाहेर फेकली जाणार. नंतरच्या आठवड्यांचं कारण मला जास्त चक्रावून गेलं. ईसीजी सुरळीत झाला तरी कप्प्याचा स्नायू काही काळ बधिर असतो. कागदावर ताल परत आलेला असतो, आत आवळणं मात्र कमजोरच. म्हणजे ठोका सुधारल्यानंतरचे दिवसच गुठळीच्या दृष्टीने नाजूक.

ते चार आठवडे केव्हाच संपले. घड्याळ रोज सुरळीत ताल दाखवतंय आणि गोळी चालू आहे. धाकट्या भावाचा ठरलेला प्रश्न: "दादा, ठोका आता नीट आहे ना? मग कशाला अजून रक्त पातळ करत बसला आहेस?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर जरा खोलात जाऊन शोधलं.

गुठळी व्हायला तीन गोष्टी कारण होतात असं शिकवलं जातं, फिर्खो या जर्मन डॉक्टरांच्या नावाने ते त्रिकूट ओळखतात: रक्त साचणं, आतल्या अस्तरात बिघाड आणि रक्ताची गोठण्याकडे वाढलेली ओढ. ए-फिबमध्ये तिन्ही असू शकतात. ताल सुधारला की पहिलीवर उपाय होतो. ताणला गेलेला कप्पा, त्यातले तंतुमय चट्टे, खराब झालेलं अस्तर जागेवरच राहतं. पेसमेकरसारखी यंत्रं बसवलेल्या रुग्णांच्या 'अ‍ॅसर्ट' या अभ्यासात ज्यांना पक्षाघात झाला, त्यांच्या यंत्रांतल्या नोंदी तपासल्या गेल्या. झटक्याच्या आधीच्या ३० दिवसांत ए-फिब नोंदलं गेलेले रुग्ण अगदी मोजके निघाले. ताल बिघडला, लगेच गुठळी झाली, लगेच झटका आला, असा साधा हिशेब तिथे लागतच नाही. २००२ च्या 'अफर्म' चाचणीतही, जिच्यात ४,००० हून अधिक रुग्ण होते, बहुतेक पक्षाघात वॉरफरिन (रक्त पातळ करणारं जुनं औषध) बंद केलेल्यांत किंवा त्याचा परिणाम कमी पडत असलेल्यांत झाले. ठोका ताळ्यावर ठेवण्याचे उपचार घेणाऱ्या गटातसुद्धा. भावाला हे सगळं सांगितलं. त्याचं पूर्ण समाधान झालेलं नाही, पण आता विचारत नाही.

आता गोळी. ५ मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ. रक्त गोठण्याच्या साखळीतला फॅक्टर टेन-ए नावाचा दुवा ती अडवते. ठोक्यावर तिचा काडीचाही परिणाम नाही. वॉरफरिन घेणाऱ्यांना आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप, २ ते ३ मध्ये ठेवण्यासाठी वारंवार रक्त द्यावं लागतं आणि पालेभाज्यांचं प्रमाण सांभाळावं लागतं, ती कटकट इथे नाही. २०११ च्या 'अ‍ॅरिस्टॉटल' चाचणीत, १८,००० हून जास्त रुग्णांत, वॉरफरिनच्या तुलनेत पक्षाघात आणि शरीरात इतरत्र गुठळी अडकणं २१ टक्क्यांनी, तर मोठे रक्तस्राव ३१ टक्क्यांनी कमी झाले. मात्र धातूची कृत्रिम झडप किंवा मायट्रल झडपेचं बऱ्यापैकी आकुंचन असेल, तर आजही वॉरफरिनच. तिथे माझा अनुभव लागू नाही.

"अ‍ॅस्पिरिन घे की, सौम्य असते" हा सल्लाही बराच ऐकला. 'अ‍ॅव्हरोज' चाचणीत वॉरफरिन न चालणाऱ्या रुग्णांत या दोघींची समोरासमोर तुलना झाली. अपिक्साबानने पक्षाघात निम्म्याहून कमी केले आणि मोठ्या रक्तस्रावात लक्षणीय फरक पडला नाही. सौम्य म्हणावी असं त्यात मला तरी काही दिसलं नाही.

त्रास? कोपर कुठे आपटलं ते आठवत नाही, पण निळा डाग उठलेला असतो. दाढी करताना कापलं की बराच वेळ दाबून धरावं लागतं. ब्रश करताना कधी हिरड्यांतून रक्त. याची सवय होते. सवय होत नाही ती गुडघेदुखीवर हाताशी काही नसण्याची. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, त्यामुळे पॅरासिटामॉलवर भागवतोय, आणि ते पुरत नाही. पाचातला एक तारा मी याच कारणाने कापतो. काळी शौच, लघवीतून रक्त किंवा डोक्याला मार, यापैकी काहीही झालं तर थेट दवाखाना गाठायचा, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

दुसरी कटकट वेळेची. गोळीचा असर १२ तासांच्या आसपास अर्ध्यावर येतो, म्हणून एखादी चुकली तर संरक्षण खरोखर पातळ होतं. आठवण झाल्यावर त्याच दिवशी घ्यायची, पण दोन एकदम कधीच नाहीत. दात काढायचा असो की छोटी शस्त्रक्रिया, गोळी थांबवायची का आणि किती आधी, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं. फेफऱ्याची काही औषधं आणि क्षयाचं रिफाम्पिसिन तिचा असर कमी करतात, तेव्हा नवीन काहीही सुरू करताना नाव सांगायचंच. मूत्रपिंडाची आणि हिमोग्लोबिनची तपासणी अधूनमधून होते. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचं माप) १.५ किंवा जास्त, यातल्या निदान दोन गोष्टी जुळल्या तर डोस अडीच मिलिग्रॅमचा होतो. काळजीपोटी स्वतःहून अर्धी गोळी घेणारे मी पाहिलेत. रक्तस्रावाची भीती कमी होते, गुठळी मात्र मोकळी सुटते.

घड्याळाबद्दल. बोट टेकवून ३० सेकंद स्थिर बसलं की एका लीडचा, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूने बघणारा, ईसीजी मिळतो. हात हलला किंवा पट्टा सैल असला की 'निष्कर्ष नाही'. मधूनच पडणाऱ्या जादा ठोक्यांनीही ते गोंधळतं. पण आलेख डॉक्टरांना पाठवता येतो, आणि फडफड सुटायच्या आत पकडली जाते, हा मोठा फायदा. आठवड्यात किती वेळ ए-फिब होतं याचा अंदाजही माझं घड्याळ देतं. ते कधी शून्य दाखवत नाही, '२ टक्के किंवा कमी' एवढंच म्हणतं. या प्रामाणिकपणाचं मला कौतुक वाटलं. गुठळी मात्र ते पाहूच शकत नाही. ती पिशवी छातीवरून केलेल्या नेहमीच्या इकोतही नीट दिसत नाही. त्यासाठी अन्ननलिकेतून नळी घालून टीईई नावाचा इको करावा लागतो.

येते-जाते फडफड दवाखान्याच्या ईसीजीत सापडत नसेल तर घड्याळ जरूर घ्या. काहीच त्रास नसताना घेणाऱ्यांनी २०२१ चा 'लूप' अभ्यास लक्षात ठेवावा: त्वचेखाली नोंदयंत्र बसवून सतत पाळत ठेवल्यावर ए-फिब तिप्पट जणांत सापडलं, गोळ्याही जास्त जणांना सुरू झाल्या, पण पक्षाघात ठोसपणे कमी झाले असं सिद्ध झालं नाही.

डॉक्टरांनी आता अ‍ॅब्लेशनचा, म्हणजे ताल बिघडवणारे हृदयातले भाग निकामी करण्याचा, पर्याय समोर ठेवलाय. त्यानंतरही निदान दोन महिने गोळी राहणार आणि पुढे ती स्कोअरवर ठरणार, ताल कसा आहे त्यावर नाही. माझे दोन गुण काही कमी होणार नाहीत. त्यामुळे गोळी सुटावी म्हणून अ‍ॅब्लेशन करायला मी तयार नाही. दम आणि फडफड परत आली तर बघू.