कॉस्टको की वॉलमार्ट : टायर, ऑइल आणि बॅटरीसाठी गाडी कुठे न्यावी?

अमेरिकेत येऊन गाडी घेतलेल्या मराठी कुटुंबाला वर्ष-दोन वर्षांत एक प्रश्न हमखास पडतो : टायर बदलायचे, ऑइल बदलायचे किंवा हिवाळ्याच्या तोंडावर नवी बॅटरी बसवायची, तर गाडी न्यायची कुठे? पुण्या-ठाण्यात याचे उत्तर ठरलेले असते. वॉरंटी असेपर्यंत कंपनीचे सर्व्हिस सेंटर, नंतर ओळखीचा मेकॅनिक आणि पंक्चरसाठी नाक्यावरचा टायरवाला. इथे त्यात आणखी एक पर्याय येतो. ज्या दुकानातून आपण तांदूळ, दूध आणि मुलांचे कपडे आणतो, त्याच दुकानाच्या एका बाजूला शटर असलेल्या खोल्यांची रांग असते आणि तिथे गाडीचे कामही होते. कॉस्टको आणि वॉलमार्ट ही त्यातली दोन सर्वांत परिचित नावे. दोघांबद्दल ग्राहकांचे अनुभव इतके परस्परविरोधी ऐकू येतात की नवखा माणूस गोंधळून जातो. माझ्या मते हा गोंधळ बराचसा प्रश्न चुकीचा विचारल्यामुळे होतो. ‘कोणते दुकान चांगले’ असे विचारण्यापेक्षा ‘माझे काम कोणते’ हे आधी ठरवले, तर निवड पुष्कळ सोपी होते.

सर्वप्रथम, ही दोन्ही दुकाने काय करत नाहीत ते स्पष्ट असावे. ब्रेकचे काम, इंजिनातला बिघाड शोधणे, सस्पेन्शन किंवा एसीची दुरुस्ती यांपैकी काहीही या दोन्ही ठिकाणी होत नाही, आणि चाकांचे अलाइनमेंटही, म्हणजे चाकांचे कोन सरळ करून घेणेही, होत नाही. अमेरिकेतील कॉस्टकोचा विभाग तर केवळ टायरचा आहे. तिथे ऑइल बदलून मिळत नाही आणि बॅटरी विकत मिळाली तरी ती आपली आपणच बसवावी लागते. वॉलमार्टची अशी केंद्रे देशभर अडीच हजारांच्या आसपास आहेत. टायर, ऑइल, बॅटरी, वायपर आणि दिव्यांचे बल्ब एवढी कामे तिथे होतात. कामांची ही मर्यादा अनेकांना उणीव वाटते. मला मात्र त्यातच ग्राहकाचे हित दिसते, आणि त्याचे कारण सिअर्स या दुकानाच्या इतिहासात आहे.

सिअर्स हे एके काळी अमेरिकेतील घराघरांत पोहोचलेले दुकान होते आणि त्याच्या गाडी-दुरुस्ती केंद्रांवर लोकांचा मोठा विश्वास होता. जून 1992मध्ये कॅलिफोर्नियाच्या ग्राहक व्यवहार खात्याने राज्यातील सिअर्सच्या 72 केंद्रांवर गरज नसलेली दुरुस्ती गळ्यात मारल्याचा आरोप केला आणि त्यांचे परवाने रद्द करण्याची कारवाई सुरू केली. खात्याच्या माणसांनी साध्या ग्राहकासारख्या गाड्या नेऊन 38 वेळा तपासणी केली होती आणि त्यांपैकी 34 वेळा त्यांना अनावश्यक काम सुचवले गेले होते. यामागे एखाद-दुसऱ्या मेकॅनिकची लबाडी नव्हती. काम सुचवणाऱ्यांना विक्रीवर कमिशन मिळत होते आणि ठरावीक वस्तू ठरावीक संख्येने खपवण्याचे लक्ष्य त्यांच्यापुढे ठेवलेले होते. प्रकरण उघडकीस आल्यावर सिअर्सने ही पद्धत बंद केली, परंतु गेलेला विश्वास सहजासहजी परत आला नाही. म्हणून मी कोणत्याही दुकानाकडे पाहताना पहिला प्रश्न हाच विचारतो की मला सल्ला देणाऱ्या माणसाला त्या सल्ल्यातून काय मिळते. ज्या ठिकाणी ब्रेक आणि शॉक अॅब्सॉर्बर विकलेच जात नाहीत, तिथे ते ‘खराब झालेत’ असे सांगून घाबरवण्याचा मोह कुणाला होण्याचे कारण नाही.

आता टायर. या कामात दोन्ही दुकानांची थेट तुलना होते आणि पैसाही यातच सर्वाधिक जातो. कॉस्टकोमध्ये सभासदत्व लागते. सप्टेंबर 2024पासून त्याची साधी वार्षिक वर्गणी 65 डॉलर आहे. तिथे घेतलेल्या टायरसोबत बॅलन्सिंग (चाकाचे वजन सर्व बाजूंनी समान करणे), ठरावीक अंतरानंतर चाकांची अदलाबदल, हवेची तपासणी आणि पंक्चर काढणे ही कामे टायर असेपर्यंत वेगळे पैसे न देता होतात, आणि खिळा, काच किंवा खड्डा यांमुळे दुरुस्त न होण्याजोगे नुकसान झाल्यास पाच वर्षांची हमी मिळते. ही हमी पूर्ण रकमेची नसते, हे मात्र नीट समजून घ्यावे. टायर जितका झिजला असेल तितकी रक्कम वजा होते. निम्म्या खाचा झिजलेला टायर फाटला, तर साधारण निम्मीच किंमत हाती येते. ‘मोफत बदलून देतो म्हणाले आणि पैसे मागितले’ अशा तक्रारी टायरच्या हमीबाबत नेहमी ऐकू येतात आणि त्यांपैकी पुष्कळ तक्रारींचे मूळ या एका अटीत असते.

वॉलमार्टमध्ये सभासदत्वाची अट नाही. टायरची किंमत आणि बसवण्याचा खर्च वेगवेगळा दाखवला जातो आणि बसवण्याचेही एकाहून अधिक प्रकार असतात. सर्वांत स्वस्त प्रकार घेतला, तर रस्त्यावरील नुकसानीची हमी त्यात येत नाही. ती हवी असेल, तर वरचा प्रकार घ्यावा लागतो. त्यामुळे संकेतस्थळावर दिसणाऱ्या टायरच्या किमतीची कॉस्टकोच्या किमतीशी सरळ तुलना करणे चुकीचे ठरते. चारही टायर, बसवणे, हमी, जुन्या टायरची विल्हेवाट आणि कर असा सगळा खर्च मिळवून मगच दोन आकडे शेजारी ठेवावेत. स्वस्त आणि मध्यम दर्जाच्या टायरचे पर्याय वॉलमार्टमध्ये खूप अधिक आहेत. आणखी दोन-तीन वर्षेच चालवायची असलेली जुनी कोरोला असेल, तर तिला महागडे मिशेलिन घालण्यात फारसा अर्थ नसतो आणि अशा ग्राहकाची सोय वॉलमार्टच अधिक चांगली करते. कॉस्टकोमध्ये मिशेलिन, ब्रिजस्टोन अशा मोजक्याच कंपन्या असतात आणि वर्षभर आलटून-पालटून त्यांच्यावर सवलती चालू असतात. चारही टायर एकदम घ्यायचे असतील, तर त्या सवलतीसाठी काही आठवडे थांबणे परवडते.

कॉस्टकोबद्दलची एक तक्रार मला अन्यायकारक वाटते. गाडीसाठी मूळ कंपनीने ठरवलेल्या भारक्षमतेपेक्षा किंवा वेगमर्यादेपेक्षा कमी दर्जाचा टायर तिथे बसवून देत नाहीत, ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी. त्यामुळे रिकाम्या हाताने परतलेले लोक चिडून लिहितात. पण टायरच्या बाजूवर आकाराच्या पुढे ‘९४ व्ही’ यासारखा जो आकडा आणि अक्षर असते, तो टायर किती वजन आणि किती वेग पेलू शकतो, हे त्यावरून कळते. ही अट पाळणारे दुकान आपले रक्षण करत असते. कॉस्टको टायरमध्ये साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरते आणि त्याची खूण म्हणून हिरवी टोपणे लावते. त्याचे कौतुक मात्र बेतानेच करावे, कारण साध्या हवेतही सुमारे 78 टक्के नायट्रोजनच असतो. थंडीत तापमान दर 10 अंश फॅरनहाइटने उतरले की टायरमधला दाब साधारण एक पौंडाने उतरतो आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागतो. अशा वेळी जवळच्या पेट्रोल पंपावर साधी हवा भरून घेतली, तर काहीही बिघडत नाही.

दोन्ही दुकानांच्या अनुभवांत सर्वांत मोठा वाटा वेळेचा आहे. कॉस्टकोमध्ये शनिवारची वेळ अनेकदा आठवडा-दोन आठवड्यांनंतरची मिळते. वेळ घेऊन गेले तरी गाडी तासाभरात परत मिळेलच असे नाही. वॉलमार्टमध्ये त्याच दिवशी काम होण्याची शक्यता अधिक, पण रांग किती लांब असेल हे आधी सांगता येत नाही. कामाच्या दिवशी सकाळी दुकान उघडताच गेल्यास दोन्हीकडचा अनुभव कमालीचा सुधारतो.

ऑइलच्या कामात तुलना उरतच नाही, कारण ते फक्त वॉलमार्टमध्ये होते. तिथला दर सहसा डीलरपेक्षा कमी असतो, त्यात नवा फिल्टर आणि पाच क्वार्टपर्यंत (एक क्वार्ट म्हणजे लिटरपेक्षा थोडे कमी) ऑइल धरलेले असते. मोठ्या इंजिनाच्या गाड्यांना अधिक लागते आणि त्याचे पैसे वेगळे पडतात. बाहेर ऑइल बदलले तर कंपनीची वॉरंटी जाईल, ही भीती आपल्या लोकांत खोल रुजलेली आहे. 1975च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार केवळ दुसऱ्या ठिकाणी सर्व्हिसिंग केले म्हणून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. मात्र काम वेळेवर झाल्याचा पुरावा आपल्याजवळ हवा. म्हणून तारीख, मैलांचा आकडा आणि ऑइलचा दर्जा लिहिलेली प्रत्येक पावती जपून ठेवावी.

खरी काळजी हाताच्या कामाची आहे. झटपट ऑइल बदलून देणाऱ्या कोणत्याही ठिकाणी, मग ते दुकान असो वा स्वतंत्र केंद्र, होणाऱ्या चुका बहुधा त्याच तीन असतात : ड्रेन प्लग (जुने ऑइल काढण्यासाठीचा खालचा बोल्ट) अतिशय जोरात आवळल्यामुळे त्याचे आटे खराब होणे, जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहणे आणि तिच्यावरच नवा फिल्टर चढवला जाणे, किंवा ऑइल कमी-जास्त भरले जाणे. आमच्या ओळखीतील एका कुटुंबाच्या गाडीखाली अशाच एका ठिकाणाहून परतल्यानंतर दुसऱ्या दिवशी ऑइलचा डाग दिसला. दुकानाने नव्याने काम करून दिले खरे, पण त्यासाठी त्यांना पावती आणि छायाचित्रे घेऊन व्यवस्थापकासमोर उभे राहावे लागले. अशा ठिकाणी काम करणारा माणूस आज कुशल असेल, उद्या नवशिका असेल. म्हणून दुकान सोडण्यापूर्वी, गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, काढून पाहावी. पुसून पुन्हा घातलेल्या डिपस्टिकवर ऑइल दोन खुणांच्या मध्ये असले पाहिजे. नंतर वाकून गाडीखाली एक नजर टाकावी. एवढे केले, तर तीनपैकी दोन चुका जागच्या जागी लक्षात येतात.

बॅटरीचे काम वॉलमार्टमध्ये सोयीचे पडते, कारण बहुतेक गाड्यांमध्ये ती तिथेच बसवून मिळते आणि जुनीची चाचणीही होते. कॉस्टकोची बॅटरी त्यांनाच घ्यावी ज्यांच्याकडे पाना आहे आणि जुनी बॅटरी परत नेऊन देण्याची तयारी आहे.

टायर कुठूनही घेतले, तरी दोन गोष्टी तपासल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये. पहिली म्हणजे टायरच्या बाजूला ‘डीओटी’ अक्षरांनंतर येणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे. 2325 असे लिहिले असेल, तर तो टायर 2025 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. सवलतीत घेतलेला ‘नवा’ टायर गोदामात तीन वर्षे पडून असेल, तर तो बदलून मागायला अजिबात संकोच करू नये. दुसरी म्हणजे चाकांचे नट. ते हवेच्या गनने आवळून तसेच सोडले, की पुढे रस्त्यात पंक्चर झाल्यावर डिकीतल्या पान्याने हलतच नाहीत. शेवटचा जोर टॉर्क पान्याने, ठरलेल्या मापावर ‘टक’ असा आवाज येईपर्यंत दिला गेला पाहिजे. खिडकीतून हे काम दिसते, ते पाहत उभे राहण्यात संकोच वाटू देऊ नये. पन्नास ते शंभर मैल चालल्यावर नट पुन्हा तपासून घेणेही आवश्यक आहे.

अलाइनमेंटचा विषय इथे परत येतो. जुने टायर आतल्या किंवा बाहेरच्या कडेनेच गुळगुळीत झाले असतील, तर दोष टायरचा नाही. अशा गाडीवर नवे टायर चढवून घरी नेले, तर तेही वर्षभरात त्याच कडेने झिजतील आणि ठरलेल्या अंतराआधी टायर झिजल्यास मिळणारी हमी देण्याच्या वेळी दुकान हेच कारण पुढे करील. म्हणून आधी स्वतंत्र गॅरेजमध्ये तपासणी करून घ्यावी आणि नवे टायर बसताच अलाइनमेंट करून घ्यावे. सुबारूसारख्या चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत एकच टायर फाटला आणि बाकीचे तीन बरेच झिजलेले असले, तर एकच नवा टायर घालून चालत नाही. अशा वेळी हमी एका टायरचीच रक्कम देते, उरलेल्या तिघांचा खर्च आपला.

ज्यांचे कॉस्टकोचे सभासदत्व आधीपासून आहे, गाडी नवी किंवा मध्यम वयाची आहे आणि ती पाच वर्षे तरी ठेवायची आहे, त्यांनी टायर कॉस्टकोतून घ्यावेत, असे मी निःशंकपणे सांगेन. केवळ टायरसाठी नवे सभासदत्व घेताना मात्र वर्गणी खर्चात धरून हिशेब करावा. विद्यार्थ्यांनी, जुनी गाडी वापरणाऱ्यांनी आणि गावाबाहेर राहणाऱ्यांनी टायर, ऑइल आणि बॅटरी या तिन्ही कामांसाठी वॉलमार्टचा विचार करावा, परंतु टायर बसवण्याचा हमी असलेला प्रकारच घ्यावा. आणि गाडीतून आवाज येत असेल, ब्रेक दाबल्यावर पेडल थरथरत असेल किंवा इंजिनाचा दिवा लागला असेल, तर या दोन्ही दुकानांच्या रांगेत वेळ घालवू नये. आधी लेखी अंदाजपत्रक देणारे आणि बदललेला जुना भाग मागितल्यावर दाखवणारे स्वतंत्र गॅरेज शोधावे. कॅलिफोर्नियात तर या दोन्ही गोष्टी मिळणे हा ग्राहकाचा कायदेशीर हक्क आहे.