व्हेपच्या नावाखाली 24,500 ला लुटलं, ऑफिसवाल्यांनो वाचा

लिहायची लाज वाटतेय, पण काल आमच्याच बिल्डिंगमधल्या अजून एका पोराला मला लुटणारे तेच दोघं भेटले म्हणून लिहितोय.

बाणेरला आमचं को-वर्किंग आहे. चौथ्या मजल्याच्या जिन्यात मी व्हेप, म्हणजे ई-सिगरेट, ओढत होतो. आतमध्ये ओढायला नको होतं, मान्य, पण सिगरेट सुटावी म्हणून घेतलेला आणि बाहेर धो धो पाऊस. दोघं आले, गळ्यात आयकार्ड, म्हणे तंबाखू नियंत्रण पथक. ई-सिगरेटवर 2019 पासून बंदी आहे, एक वर्ष जेल नाहीतर एक लाख दंड, आत्ताच तुमच्या एचआरला बोलावतो. मी प्रोबेशनवर, हातपायच गळाले. शेवटी 24,500 वर मिटलं, आधी 20,000 मग 4,500.

क्यूआर स्कॅन केला तर स्क्रीनवर नाव आलं एका मोबाईल शॉपीचं. मी बघितलं! विचारलंसुद्धा! तो म्हणाला सरकारी पोर्टल डाऊन आहे, आणि मी पिन टाकला. तो एक क्षण रोज रात्री डोळ्यासमोर येतो, नाव वाचून पण बोट थांबलं नाही. पावती मागितली तर म्हणे व्हॉट्सअ‍ॅपवर येईल.

नंतर कायदा वाचला. एक वर्ष, एक लाख हे खरंय, पण ते बनवणाऱ्याला, आणणाऱ्याला, विकणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला, आणि तो दंड कोर्ट ठोठावतं, जिन्यात उभा राहून कोणी नाही. झडती-जप्तीला आलाच तर पोलिसांत किमान सब-इन्स्पेक्टर लागतो. सार्वजनिक ठिकाणी सिगरेट ओढल्याचा दंड तर 200 रुपयांपर्यंतच आहे. दोनशे! आणि हो, निकोटिन नसलेला 'हर्बल' चालतो असं दुकानदार सांगतो तेही खोटं, बंदी त्यालाही आहे.

चौकीत गेलो तर पैसे यूपीआयने गेलेत, सायबरला जा. 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन लावला, तक्रार घेतली. सायबरवाले म्हणतात माणूस समोर उभा होता ना, मग हे ऑनलाईन कसं, चौकीतच जा. परत चौकीत, तर साहेब म्हणतात व्हेप तुझ्याकडे होता ना, तुझ्यावरच केस करू का? म्हणजे लुटला गेलो मी आणि मान खाली घालून बाहेर पण मीच यायचं? बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. सीसीटीव्ही बघा म्हणून तीनदा सांगितलं, एकजण बिल्डिंगमध्ये फिरकला नाही.

कोणी असं अडवलं तर जिन्यात बोलू नका, रिसेप्शनला चला म्हणा, 112 लावा. एचआरला कळलं तर कळू दे. माझ्या तक्रारीवर 41 दिवस झाले 'प्रक्रियेत' एवढंच दिसतंय.